ताटातील नवा मासा : जनुक-परिवर्तित प्राणी आणि अन्नसुरक्षा

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



काय खावे आणि काय खाऊ नये, हा प्रश्न माणसाइतकाच जुना आहे. कोणता कंद उकळल्यावाचून खाऊ नये, कोणता मासा कोणत्या दिवसांत वर्ज्य करावा, कोणते दूध कोणाला मानवते, ही माहिती कोणा एका संशोधकाने शोधून काढलेली नाही. ती शेकडो पिढ्यांच्या अनुभवातून, आणि पुष्कळदा चुकांची किंमत मोजून, स्वयंपाकघरापर्यंत पोचली. जुन्या अन्नाच्या निर्धोकपणाचे प्रमाणपत्र म्हणजे हा दीर्घ अनुभवच होय. परंतु जो प्राणी काही दशकांपूर्वी पृथ्वीतलावर अस्तित्वातच नव्हता, त्याच्या मांसाबद्दल असा अनुभव कोठून आणावयाचा? अनुभवाची जागा तेथे परीक्षेने घ्यावयाची असते. ती परीक्षा कोणी घेतली, कशी घेतली आणि तिच्यातून काय सिद्ध झाले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

माणसाने प्राण्यांत बदल घडविले ते काही आजच नव्हे. अधिक दूध देणारी गाय, अधिक लोकर देणारी मेंढी निवडून तिचाच वंश वाढविणे, ही रीत हजारो वर्षांची आहे. मात्र त्या रीतीत एकाच जातीतील गुणांची उलटापालट होत असे. एका जातीचे जनुक उचलून दुसऱ्या जातीत बसविण्याचे सामर्थ्य विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आले. १९८२ साली अमेरिकेतील रिचर्ड पाल्मिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी सहकाऱ्यांसह उंदराच्या फलित अंड्यात घुशीचे वाढसंप्रेरक-जनुक घातले. त्यातून जन्मलेले काही उंदीर आपल्या भावंडांहून जवळजवळ दुप्पट आकाराचे झाले. १९८५ साली हाच प्रयोग ससे, मेंढ्या आणि डुकरे यांच्यावर झाला, आणि प्रयोगशाळेतील हा विषय गोठ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

या इतिहासात १९८९ हे वर्ष विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधनकेंद्रातील डुकरांची हकीकत त्या वर्षी प्रसिद्ध झाली. या डुकरांत परकीय वाढसंप्रेरकाचे जनुक घातलेले होते. त्यांच्या अंगावरची चरबी घटली आणि खाद्याचे मांसात रूपांतरही अधिक चांगले होऊ लागले. व्यापाराच्या दृष्टीने हा विजयच म्हणावयाचा. परंतु त्याच डुकरांना जठरव्रण झाले, त्यांचे सांधे सुजले, हृदय वाढले, मूत्रपिंडे बिघडली. कायाच उद्ध्वस्त करणारा हा लाभ कोणालाच नको होता. त्या प्रयोगाने एक धडा मात्र कायमचा दिला: जनुक ही यंत्राची सुटी कळ नव्हे. एक कळ फिरविली तर शरीरातील दहा चक्रे हलतात.

त्याच वर्षी कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात एक वेगळा प्रयत्न चालू होता. अटलांटिक समुद्रातील सामन हा मासा शीत प्रदेशातील लोकांच्या आहारात मोठ्या मानाचा आहे. परंतु त्याची वाढ संथ असते, आणि थंडीच्या महिन्यांत तर ती मंदावतेच. पॅसिफिक महासागरातील चिनूक ही त्याची थोराड भावकी. चिनूकचे वाढसंप्रेरक-जनुक घेऊन ते अटलांटिक सामनच्या फलित अंड्यात घालावे, अशी योजना चॉय ह्यू आणि गार्थ फ्लेचर यांच्या संशोधकगटाने आखली. मात्र नुसते जनुक घालून भागत नाही. ते केव्हा जागे व्हावे आणि केव्हा निजावे, हे सांगणारा एक तुकडा त्याच्या अलीकडे असावा लागतो. त्याला प्रवर्तक म्हणतात. हा प्रवर्तक त्यांनी ओशन पाउट नावाच्या तिसऱ्याच माशाकडून घेतला. गोठणाऱ्या पाण्यात राहणाऱ्या या माशाच्या रक्तात बर्फ होऊ न देणारे प्रथिन असते, आणि त्या प्रथिनाच्या जनुकाचा प्रवर्तक थंडीतही जागा राहतो. परिणाम असा झाला की नव्या सामनच्या शरीरात वाढसंप्रेरक बारमाही तयार होऊ लागले. जो मासा विक्रीयोग्य होण्यास अडीच ते तीन वर्षे लागत, तो सोळा ते अठरा महिन्यांत तयार होऊ लागला. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा मासा राक्षसी आकाराचा होत नाही. तो आपल्या नेहमीच्या आकारापर्यंत लवकर पोचतो, इतकेच.

या माशाला खाद्य म्हणून मान्यता मिळावी यासाठी १९९५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे प्रक्रिया सुरू झाली. मान्यता मिळाली ती १९ नोव्हेंबर २०१५ रोजी. वीस वर्षांच्या या काळात ज्या शंका पुढे आल्या, त्या क्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिली शंका अशी, की परके जनुक पोटात गेल्यास ते खाणाऱ्याच्या शरीरात शिरेल काय? ही शंका भीतिदायक वाटते, पण तिचे उत्तर सोपे आहे. प्रत्येक घासात, मग तो भाकरीचा असो वा माशाचा, कोट्यवधी जनुके असतातच. पालेभाजी खाणाऱ्याच्या अंगाला कधी पालवी फुटलेली नाही. आतड्यातील पाचकरस आपले आणि परके असा भेद करीत नाहीत. ते सर्वांचेच तुकडे करतात.

दुसरी शंका संप्रेरकाची. माशातील वाढसंप्रेरक मनुष्यावर काम करील काय? वाढसंप्रेरक हे प्रथिन आहे आणि तोंडावाटे घेतल्यास ते पचून जाते. म्हणूनच वाढ खुंटलेल्या मुलांना ते गोळीने न देता सुईने द्यावे लागते. शिवाय ते जातिविशिष्ट आहे. गाईचे वाढसंप्रेरक सुईने टोचले तरी मनुष्यात निष्प्रभ ठरते, हे १९५० च्या दशकातच दिसून आले होते. मग माशाची गोष्ट दूरच. प्रशासनाने या सामनच्या मांसातील संप्रेरकांची आणि पोषक द्रव्यांची तुलना साध्या सामनशी केली, तेव्हा चिंता करावी असा फरक आढळला नाही.

तिसरी शंका अधिहर्षतेची, म्हणजे ॲलर्जीची. ही शंका मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मासे हे मुळातच ॲलर्जी उत्पन्न करणाऱ्या प्रमुख अन्नांपैकी एक आहे. सोयाबीनचे सत्त्व वाढविण्यासाठी त्यात ब्राझील नटाचे जनुक घातले गेले, तेव्हा त्या नटाची ॲलर्जीही सोयाबीनमध्ये उतरल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत सिद्ध झाले, आणि ते बियाणे बाजारात आलेच नाही. म्हणजे धोका काल्पनिक नव्हता आणि परीक्षाही निरुपयोगी नव्हती. सामनच्या बाबतीत प्रशासनाने असे मत दिले की, विक्रीसाठी वाढविल्या जाणाऱ्या वंध्य माद्यांपासून साध्या सामनहून अधिक धोका नाही. परंतु प्रजोत्पादनासाठी राखलेल्या सुफल माशांबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. ते मासे खाण्यासाठी नव्हतेच. तथापि तपासलेल्या माशांची संख्या फारच थोडी होती, ही टीका २०१० साली तज्ज्ञसमितीच्या बैठकीत झाली, आणि ती वाजवी होती. मूठभर मासे तपासून लक्षावधी ताटांची हमी देताना शास्त्राने आवाज थोडा खालीच ठेवावा.

अशा परीक्षांना सर्व देशांत एक समान पद्धत असावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांनी स्थापलेल्या कोडेक्स आयोगाने २००८ साली जनुक-परिवर्तित प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नाविषयी मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली. नव्या प्राण्याची तुलना त्याच्या परिचित भावंडाशी करावी. काय घातले, कोठे बसले, त्यातून कोणते नवे पदार्थ तयार झाले, हे पाहावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या प्राण्याचे स्वतःचे आरोग्य तपासावे. या शेवटच्या सूत्रात मोठे शहाणपण आहे. जो प्राणी स्वतः निरोगी वाढतो, त्याच्या मांसात नवे विष असण्याचा संभव कमी. बेल्ट्सव्हिलच्या डुकरांसारखा प्राणी या कसोटीवर पहिल्याच पायरीला अडेल. प्राण्यावरील दया आणि खाणाऱ्याची सुरक्षितता या दोन वेगळ्या वाटा नाहीत, हे येथे ध्यानात येते.

परंतु कसोटी कितीही उत्तम असली तरी ती लावणारी माणसेच असतात. २००३ साली अमेरिकेत असे उघडकीस आले की, इलिनॉय विद्यापीठातील जनुक-परिवर्तित डुकरांची ३८६ पिल्ले गुरांच्या व्यापाऱ्याकडे विकली गेली होती. पिल्लांत ते जनुक उतरलेले नव्हते, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. तर ते पडताळून पाहण्याइतक्या नोंदी नाहीत, असे प्रशासनाचे. येथे चूक शास्त्राची नव्हती, ती नोंदवहीची होती. दुसरे उदाहरण शिंगे नसलेल्या गुरांचे. जनुक-संपादनाच्या नव्या तंत्राने तयार केलेल्या या बैलांत इच्छित बदलाखेरीज काहीही घडलेले नाही, असे सांगितले जात होते. २०१९ साली प्रशासनाच्याच शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा जिवाणूंच्या जनुकद्रव्याचा एक तुकडा, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जनुकांसह, त्यांच्यात राहून गेल्याचे आढळले. तो कोणी लपविला नव्हता. तो तेथे असेल या कल्पनेने कोणी शोधलाच नव्हता. म्हणूनच निर्मात्याच्या शब्दावर न थांबता दुसऱ्या डोळ्यांनी पाहणे अगत्याचे ठरते.

यापुढे जो प्रश्न येतो, तो अन्नाचा नसून नदीसमुद्राचा आहे. हा मासा पळून रानटी सामनमध्ये मिसळला तर काय होईल? तो वंध्य ठेवावा, सर्व माद्याच असाव्यात आणि जमिनीवरच्या बंदिस्त टाक्यांतच वाढवावा, अशा अटी त्यासाठी घातल्या होत्या. तरीही नोव्हेंबर २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयाने, पलायनाच्या परिणामांचा पुरेसा विचार प्रशासनाने केला नाही, असा निर्णय दिला. या निर्णयाचा अर्थ पुष्कळांनी 'मासा विषारी ठरला' असा लावला. तो चुकीचा आहे. खाण्यास निर्धोक असणे आणि निसर्गास निर्धोक असणे ही दोन वेगवेगळी प्रमाणपत्रे आहेत. एकाच्या जोरावर दुसरे मागू नये, आणि एक नाकारले म्हणून दुसरेही फाडू नये.

तिसरे एक प्रमाणपत्र असते, ते विश्वासाचे. कॅनडात २०१७ साली या माशाचे सुमारे साडेचार टन मांस विकले गेले. त्यावर वेगळी खूण लावणे तेथील कायद्याने बंधनकारक नव्हते, त्यामुळे ते कोणाच्या ताटात गेले हे खाणाऱ्यांना कळले नाही. कोणी आजारी पडल्याचे वृत्त नाही. पण प्रश्न आजाराचा नव्हताच. अन्न हा केवळ शरीराचा व्यवहार नाही. व्रत, श्रद्धा, आवड आणि नावड यांचाही तो भाग आहे. एखादी वस्तू निर्धोक असेल, तर ती नाव सांगून विकण्यास संकोच कशाचा? झाकून वाढलेले अन्न चांगले असले तरी संशय उत्पन्न करते. अमेरिकेत अशा अन्नाची माहिती जाहीर करणे १ जानेवारी २०२२ पासून अनिवार्य झाले, ही गोष्ट उशिरा का होईना, योग्य झाली.

त्या सामनची कहाणी मोठ्या गाजावाजाने सुरू झाली आणि गुपचूप संपली. अनेक मोठ्या दुकानदारांनी तो न विकण्याचे आधीच जाहीर केले होते. खर्च वाढत गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्या कंपनीने द्रव्याअभावी मत्स्यपालनच थांबविले. विषय मात्र संपलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेने एका डुकराला अन्न आणि औषधनिर्मिती या दोन्हींसाठी मान्यता दिली. गोचिडीच्या दंशानंतर काही लोकांना ज्या शर्करेमुळे मांसाची ॲलर्जी होते, ती शर्कराच या डुकरात नाही. तरीही अशा रुग्णांसाठी हे मांस सुरक्षित आहे की नाही, याची तपासणी झालेली नाही, हे प्रशासनाने स्वच्छपणे सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये डुकरांच्या एका घातक विषाणुरोगाला दाद न देणाऱ्या वाणाला मान्यता मिळाली. त्यात परके जनुक घातलेले नाही. विषाणू ज्या दाराने आत शिरतो ते दारच काढून टाकले आहे. सामन, ॲलर्जीचे डुक्कर आणि हे रोगमुक्त डुक्कर यांना एकाच नावाखाली घालून एकच निवाडा देणे, हे न्यायाचे होणार नाही.

भारतात असा कोणताही प्राणी अद्याप अन्न म्हणून मान्य झालेला नाही. संशोधन मात्र झाले आहे. मदुराई कामराज विद्यापीठात रोहू माशात रोहूचेच वाढसंप्रेरक-जनुक घालून वेगाने वाढणारा मासा तयार करण्यात आला होता. अशा जीवांच्या नियंत्रणाचे नियमही आपल्याकडे डिसेंबर १९८९ चेच आहेत, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या २२ व्या कलमात जनुक-परिवर्तित अन्नाचा समावेश आहे. जालन्याच्या कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर २०१० साली सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. त्यांत नागपूर आणि हैदराबाद ही शहरेही होती. त्यानंतर त्या वांग्याला स्थगिती मिळाली. स्थगिती योग्य की अयोग्य, यावर मतभेद आहेत आणि राहतील. परंतु शेतकरी, शास्त्रज्ञ आणि गृहिणी एका सभागृहात बसून अन्नाविषयी वाद घालतात, हे दृश्य लोकशाहीला शोभणारे होते. वांग्यानंतर उद्या मासा आला, तर तेच सभागृह पुन्हा भरावे लागेल.

त्या दिवशी नागरिकाने काय विचारावे? नवे म्हणून नाकारू नये आणि शास्त्राचे नाव घेतले म्हणून मान तुकवू नये. प्राणी निरोगी आहे काय? काय बदलले आणि आणखी काय बदलले असेल, हे निर्मात्याखेरीज कोणी तपासले काय? किती प्राणी तपासले? तो मोकळा सुटल्यास काय होईल? आणि त्याचे नाव वेष्टणावर लिहिले आहे काय? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, आणि त्यात गैर काही नाही. फुंकर घालूनही जो ताक पितच नाही, त्याचे मात्र काहीतरी चुकते. आणि दूध निवले की नाही हे न पाहता जो घटाघट पितो, त्याचेही चुकते. हे पाच प्रश्न विचारावयाचे तर त्यांची उत्तरे वाचण्याची सवय समाजाला असावी लागते. ती सवय ज्या वास्तूंत शंभर शंभर वर्षे जोपासली जाते, त्या वास्तूंचे ऋण अन्नाइतकेच मोठे आहे.