धाकट्याची वेगळी चूल

एकत्र कुटुंब विभक्त झाले की शेजारीपाजारी हळहळतात. पण धाकट्याला प्रथमच स्वतःची चूल मिळाली, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. १९७० च्या एप्रिलात इंग्लंडातील ‘बीटल्स’ हा चौघांचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद फुटला, तेव्हा असेच झाले. बहुतेक गाणी लेनन व मॅकार्टनी रचीत. चौघांत धाकटा जॉर्ज हॅरिसन, त्याच्या वाट्याला एका तबकडीत दोनतीन जागा येत. त्याची गाणी साचत गेली. त्याच नोव्हेंबरात त्याने ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा संच काढला, तो एकदम तीन तबकड्यांचा!

पुढच्याच वर्षी रविशंकरांनी पूर्व बंगालच्या निर्वासितांचे दुःख त्याच्या कानी घातले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या दोघांनी त्यांच्या मदतीसाठी जलसा उभा केला. जुन्या सोबत्यांपैकी रिंगो साथीला आला. उरलेले दोघे आले नाहीत.

मग फूट हितकरच म्हणावी काय? आम्ही तसे म्हणणार नाही. लेनन आणि मॅकार्टनी यांनीही पुढे नाव राखले; पण परस्परांची ओळ खोडण्याचा अधिकार असलेला बरोबरीचा सोबती दोघांनीही गमावला. ८ डिसेंबर १९८० रोजी लेननची हत्या झाली आणि समेटाची वाटच खुंटली.

आपल्याही मंडळ्या फुटतात, म्हणून एवढेच सांगावेसे वाटते: धाकट्याला घरात असतानाच जागा द्यावी. वाटणीत भांडीकुंडी मिळतात. टोकणारा भाऊ मिळत नाही.