ग्रब रुसला तर

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स ही जोडी अमरावती-अकोल्याच्या अभियांत्रिकीच्या मुलांकडे हमखास सापडते. विंडोज नव्याने टाकलं की मशीन थेट त्यातच शिरतं. पार्टिशन हलवलं, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच उरतं. दुकानात सांगतात, "फॉरमॅट मारा लागते." जरा थांबा! फाइली बहुधा जागच्या जागी असतात, चुकलेला असतो तो वाटाड्या, म्हणजे ग्रब हा बूटलोडर.

तो पुन्हा बसवायला मित्राच्या संगणकावर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा. आपलं मशीन त्यावरून सुरू करा आणि इन्स्टॉल नको, 'ट्राय' निवडा. टर्मिनलमध्ये 'एलएस-बीएलके' दिलं की डिस्कचे भाग दिसतात. आकारावरून लिनक्सचा भाग ओळखा. घाई इथेच नडते. तो भाग 'एमएनटी'वर माउंट करा. यूईएफआय मशीन असेल तर पेनड्राइव्हही यूईएफआय पद्धतीनेच सुरू झालेला हवा, आणि छोटं ईएफआय पार्टिशन आतल्या 'बूट-ईएफआय'वर जोडायला हवं. मग 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस' हे पोटातल्या सगळ्यासकट बाइंड करून 'सीएचरूट'. आता 'ग्रब-इन्स्टॉल', पाठोपाठ 'अपडेट-ग्रब'. जुन्या बायोसच्या मशीनवर मात्र नाव पूर्ण डिस्कचं द्यायचं, एसडीए, एसडीए-वन नव्हे.

लिनक्स आलं, पण मेनूत विंडोज नाही? ग्रब 2.06 पासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो चालू करा आणि 'अपडेट-ग्रब' पुन्हा द्या.