गणपतीच्या भिंतीवरची वेल



चवथ जवळ आली की आपल्या कुणकेश्वर-देवगड भागात गणपतीची भिंत रंगवायची घाई सुरू होते. वर माटवी, तिला कवंडळं, सुपारीची शिपटी, आंब्याचे टाळ. मूर्तीमागच्या भिंतीवर कडेनं वेल, कोपऱ्यांत कमळं आणि मधे मोर किंवा पुराणातला प्रसंग. २०२३ साली चांद्रयान चंद्रावर उतरलं आणि महिन्याभरात आलेल्या गणेशोत्सवात ते ठिकठिकाणच्या आराशींत दिसलं. काही जाणत्या माणसांना हे खटकतं. मला ते परंपरेला धरूनच वाटतं.

फ्रान्सचं उदाहरण पाहा. आपल्याकडच्या छापील सुती कापडानं तिथल्या लोकांना इतकं वेड लावलं होतं की १६८६ साली सरकारनं त्यावर बंदी घातली. ती १७५९मध्ये उठली आणि पुढच्याच वर्षी ओबेरकाम्फनं व्हर्सायजवळच्या जुई गावात कापड छापण्याचा कारखाना काढला. या गावाच्या नावानं ओळखली जाणारी एकरंगी नक्षी पुढे भिंतीच्या कागदावरही आली. आज आपण तिला 'पारंपरिक' म्हणतो. पण तिच्या चित्रकारानं, ह्युएनं, १७८३मध्ये त्या नक्षीत काय काढलं? त्याच कारखान्यात राबणारी माणसं! पाठोपाठ त्यानं तेव्हा नव्यानंच उडालेला फुगाही काढला. म्हणजे जुनी नक्षी तिच्या काळात ताजी बातमीच सांगत होती. २००४ साली ग्लासगोच्या 'टिमरस बीस्टीज' या जोडीनं तिच्यात आपल्या शहराच्या उंच इमारती आणि भणंग माणसं बसवली. दुरून पाहावं तर जुनी वेलबुट्टी, जवळ गेलं की आजचं ग्लासगो.

तिथे विषय बदलले, वेलबुट्टीची चौकट मात्र टिकली. आपल्याकडे तीच हरवते आहे. छापील फलक एका रात्रीत टांगता येतो, पण त्याला आपल्या भिंतीची उंची ठाऊक नसते, कोनाडाही ठाऊक नसतो. आणि चिकटवायचा कागद आपल्या पावसात चिऱ्याच्या ओल्या भिंतीवर धरत नाही, फुगून सुटतो. आपल्या पूर्वजांची कावी कला या हवेत टिकली, कारण तिच्यात रंग गिलाव्याचाच भाग असतो. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांत ती आजही पाहायला मिळते.

म्हणून तरुण चित्रकारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हे दोनच रंग घ्या, तांबडा आणि पांढरा. कडेची वेल ठेवा, पण तिला पानं हापूसची द्या. कमळाच्या जागी देवगडच्या पवनचक्कीची तीन पाती फिरवून पाहा, तिचं फूल फार सुरेख होतं. मोराच्या जागी ट्रॉलरमागे झेपावणारे समुद्रपक्षी येऊ द्या आणि मधे लाटांना लागून उभं असलेलं कुणकेश्वराचं देऊळ. आधी कागदावर वेलीचा एक चौकोन पक्का करा, तोच भिंतीवर पुन्हा पुन्हा जोडत न्यायचा आहे. त्याच्या उजव्या कडेची फांदी डाव्या कडेला नेमकी जुळते का, ते तपासा. जुळली, की भिंतीला हात घाला.