हृदयाचं पान पहिलं

मायबापहो, आपण बसलोय करवीर क्षेत्रात. आई अंबाबाईच्या क्षेत्रात. पण गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी क्षेत्र कशाला म्हटलंय? या देहाला. म्हणजे एका क्षेत्रात आपण राहतो आणि दुसरं क्षेत्र आपल्याबरोबर चालतं. पहिल्याला प्रदक्षिणा घालतो. दुसऱ्यात मात्र कधी डोकावत नाही. आज तिथं दर्शनाला जाऊ.

हा देह म्हणजे नांदतं एकत्र कुटुंब. भाकरीचा घास दातांनी दळला, लाळेनं भिजवला, जठरानं घुसळला आणि सुमारे वीस फूट लांबीच्या लहान आतड्यानं त्यातलं सत्त्व शोषून घेतलं. आतडं ते स्वतःपाशी दडवून ठेवतं का? नाही. यकृताकडे पाठवतं. यकृत त्याची पारख करतं, काही साठवतं, लागेल तसं पुढं धाडतं. फुप्फुसं वारा आत घेतात आणि त्यातला प्राणवायू रक्ताच्या ओंजळीत टाकतात. मूत्रपिंडं दोन, जेमतेम मुठीएवढी. पण दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात, दीड-दोन लिटर बाहेर टाकतात आणि बाकीचं पुन्हा घरात घेतात. मेंदू वजनानं देहाचा पन्नासावा हिस्सा, पण प्राणवायू घेतो पाचवा हिस्सा! घरातला कर्ता तो. बसल्या जागी मज्जातंतूंवरून हुकूम सोडतो. आणि हाडं? कोरडी वाटतात ना? त्यांच्याच आतल्या मगजात रक्ताच्या तांबड्या पेशी जन्म घेतात.

आता या पंगतीत वाढपी कोण? हृदय. मिनिटाला सत्तर ठोके धरा, दिवसाचे एक लाख होतात. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ते वाढतं. नखापासून मेंदूपर्यंत कुणी उपाशी राहू देत नाही.

मग मला सांगा, हा वाढपी स्वतः जेवतो कधी? तुम्ही म्हणाल, महाराज, सगळ्यांचं झाल्यावर. नाही मायबाप! हृदयातून महाधमनी निघते, तिला अगदी उगमापाशी पहिल्या दोन शाखा फुटतात आणि त्या दोन्ही वळून हृदयाकडेच जातात. पहिलं पान हृदयाचं! मेंदूचं नंतर, हातापायांचं त्याहून नंतर. आणि हा घास त्याला मिळतो कधी? मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात. जो विसावा घेतो त्यालाच घास मिळतो. हृदयाला कुणी आपमतलबी म्हटलंय का? त्यानं घेतलं नाही तर सगळ्या घराचा घास बंद होईल.

आता आपापल्या घरात बघा. तिथलं हृदय कोण? ती शेवटी जेवते. उरलं तर जेवते. विचारलं तर म्हणते, "मला न्हाई भूक, तुमी जेवा." अहो, अंबाबाईला नैवेद्य आधी आणि घरातल्या आईला उरलंसुरलं, ही कुठली भक्ती?

इथं एक आख्यान सांगतो. ते याच गावाशी जोडलेलं आहे. 1865 साली जन्मलेली यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं आणि नाव पडलं आनंदी. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून मुलीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं. 1883 साली समुद्र ओलांडण्याआधी तिनं बंगालात, सेरामपूरला, भर सभेत सांगितलं की या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. कारण बाई आपलं दुखणं परपुरुषाला सांगत नाही, ती ते गिळते. फिलाडेल्फियाला तिनं या देहाचं शास्त्र अभ्यासलं आणि 11 मार्च 1886 ला पदवी घेतली. कोल्हापूर संस्थानानं तिला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाचं प्रमुखपद देऊ केलं. तेच हॉस्पिटल, ज्याला आज आपण सीपीआर म्हणतो. पण क्षयानं तिला गाठलं होतं. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात तिचा देह पडला. बावीस वर्षंही पुरी नव्हती. कोल्हापूरच्या बायकांसाठी मांडलेली ती खुर्ची आनंदीबाईंच्या वाट्याला आलीच नाही.

मायबापहो, आज सीपीआरमध्ये बाई डॉक्टर आहेत. मग बाईचं दुखणं गिळणं थांबलं का? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय निघाला. म्हणजे इथं बसलेल्या दोन माउलींत एक. रक्ताची तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. नवी घडवायला लोह लागतं आणि ते अन्नातून यावं लागतं. ते कमी पडलं की प्राणवायू वाहणारेच कमी होतात. मग जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, डोळ्याच्या पापणीची आतली बाजू फिकी दिसते. आणि आपण म्हणतो, वय झालं तिचं!

म्हणून देवाच्या दारात तीन गोष्टी सांगतो. पहिली, आज रात्री तिचं पान सगळ्यांबरोबर मांडा. दुसरी, पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका; चहा लोह अंगी लागू देत नाही. आपला कोल्हापुरी गूळ जरूर खा, पण नुसत्या गुळाच्या भरवशावर राहू नका. तिसरी, सरकारी आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासून घ्या आणि डॉक्टर गोळ्या देतील त्या पुऱ्या घ्या. एकटीला "जाऊन ये" म्हणू नका. बरोबर जा.

आणि माउलींनो, तुम्हालाही सांगणं आहे. "मला काही होत नाही" हे वाक्य देव्हाऱ्यापाशी सोडून द्या. देवानं तुमच्या छातीत जे हृदय ठेवलंय, ते पहिला घास स्वतः घेतं आणि मग जगाला वाढतं. त्याच्याकडून तेवढं शिका.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!