स्मृतिशिळेचा प्रवास

स्मारक म्हटले की एका जागी खिळून उभी असलेली वस्तू आपल्या डोळ्यांपुढे येते. जेथे माणूस जगला व गेला, त्या गावाच्या मातीतच त्याचा दगड रोवावयाचा, ही जुनी रीत. परंतु स्मारकानेच गाव सोडले आणि ते अनोळखी माणसांच्या भेटीस निघाले, तर त्यातील स्मृतीचे काय होते? छत्तीसगडच्या नव्या राजधानीत, नवा रायपुरात, हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे.

तेथे ‘पुरखौती मुक्तांगण’ नावाचे विस्तीर्ण उघडे संग्रहालय आहे. २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुरखे म्हणजे पूर्वज. तेव्हा हे पूर्वजांच्या ठेव्याचे अंगण होय. त्याच्या एका भागाला ‘आमचो बस्तर’ असे नाव आहे. हे शब्द हलबी बोलीतले. पण मराठी कानाला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही! या भागात घोटुल आहे, दसऱ्याचा रथ आहे आणि ‘उरसकल’ही आहे. उरसकल म्हणजे मृताच्या नावाने रोवलेली उभी शिळा. यातला ‘कल’ म्हणजे दगड. आपल्या ‘वीरगळ’ या शब्दातला ‘गळ’ही कानडी ‘कल्लु’पासून, म्हणजे त्याच दगडापासून आलेला आहे.

बस्तरात माडिया लोकांनी अशा शिळा व कोरीव लाकडी खांब पिढ्यान्‌पिढ्या उभारले. दंतेवाड्याजवळ गामावाडा येथे माणसाहून उंच शिळा आहेत. ग्रिग्सन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या चालीची नोंद केली, व पुढे व्हेरियर एल्विन यांनीही केली. आपल्या भामरागडच्या रानातही माडियांची ही रीत आहे. मात्र ती काही पुरातत्त्वाची शिळी गोष्ट नव्हे. अलीकडचे खांब पाहिले तर ते रंगविलेले असतात. त्यांवर बैल, हरिण, मोर असतात, नाचणारी माणसे असतात. आणि सायकल, मोटारसायकल, क्वचित विमानही असते. सायकल त्याची स्वतःची असेल. विमानात तो कधी बसला होता की नाही, कोण सांगणार? माझ्या समजुतीप्रमाणे या चित्रांत गेलेल्याजवळ काय होते याची आठवण आहे आणि त्याला काय लाभावे याची इच्छाही आहे. शोकाच्या खांबावर आशा इतक्या सहजपणे चितारलेली मी तरी दुसरीकडे पाहिली नाही.

राजधानीतील उरसकल ही नमुन्यादाखल उभारलेली आहे. ती कोणा एका मृताची नव्हे. तिच्यापाशी कोणी रडलेले नाही, कोणी तिला नैवेद्य दाखविलेला नाही. म्हणून ती खोटी ठरवावी काय? मला तसे वाटत नाही. बस्तरपर्यंत जाणे ज्यांना साधत नाही, अशा शाळकरी मुलांना ती निदान एवढे सांगते की, मृत्यूची आठवण असाही आकार घेते. तथापि, प्रवासात एक वस्तू मागे राहिली. ती म्हणजे नाव.

ते मागे राहिलेच पाहिजे असे नाही. अमेरिकेत एड्सने मृत्यू पावलेल्यांसाठी आप्तांनी व मित्रांनी कापडाचे तुकडे शिवले. प्रत्येक तुकडा तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे जवळजवळ एका थडग्याएवढा. त्यावर मृताचे नाव, आणि कोठे त्याचा सदराही टाचलेला! १९८७ च्या ऑक्टोबरात असे १,९२० तुकडे वॉशिंग्टनच्या हिरवळीवर अंथरले गेले, आणि पुढील वर्षी ही गोधडी वीस शहरांत हिंडली. गोधडी उलगडताना नावे मोठ्याने वाचीत. म्हणजे स्मारक फिरले, पण माणूस हरवला नाही. उलट आपले वीरगळ पाहा. ते गावातच राहिले. खालच्या थरात झुंज, वर अप्सरा, त्यावर शिवपूजा, शिरोभागी चंद्रसूर्य, सारे शाबूत! पण बहुतेकांवर नाव कोरलेले नाही, आणि कोणाच्या स्मृतीतही ते उरलेले नाही. शेंदूर माखून आपण त्यांचे देव केले.

नवा रायपुरात नावानिशी आठवण ठेवली जाते ती सोनाखानच्या वीर नारायण सिंहांची. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचे धान्य भुकेल्यांना वाटले, आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली. त्यांच्या नावाचे क्रीडांगण तेथे आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी संग्रहालयही उघडले. हे योग्यच झाले. पण शहरे अशी थोरांची नावे जपतात. बस्तरचा खांब ज्याच्यासाठी उभा राहतो, तो शेत कसणारा, बाजाराला जाणारा साधा माणूस असतो. राजधानीतल्या शिळेशेजारी एखाद्या खऱ्या खांबाची हकीकत, त्या घरच्यांच्या संमतीने, लिहून ठेवता येईल: तो कोणासाठी उभा केला, कोणी रंगविला, आणि त्यावर विमान का काढले.