रिमोटला दोन थापट्या
शेवटचं षटक सुरू आणि रिमोट रुसलेला! मग घरोघरी तोच उपचार: तळहातावर दोन थापट्या, नाहीतर सेल जागच्या जागी गोल फिरवणं. हा उपाय अगदीच अडाणी नाही. फिरवताना सेलच्या टोकांवरचा गंजाचा पातळ थर घासला जातो आणि वीज पुन्हा वाहू लागते.

रिमोटचे अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. बऱ्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यात मात्र बटण दाबताच जांभळट ठिपका लुकलुकतो.

अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचा १९५६ चा रिमोट तर सेलविनाच चाले. आतली इवलीशी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटे आणि माणसाला न ऐकू येणारा सूर टीव्ही ऐके. बटणाच्या खटक्यावरून तिथे रिमोटला ‘क्लिकर’ हे नाव पडलं.