पायातलं ब्लॉकेज उघडलं, आता फॉलो-अपला कोणती टेस्ट?

आजचा विषय आपल्या वयाचा नाही, आपल्या बाबा-काकांच्या वयाचा आहे. पायाच्या धमनीत ब्लॉकेज होतं, स्टेंट टाकला किंवा बायपास झाली. चालताना पोटरी दुखायची, ती थांबली. मग फॉलो-अपला फाइल घेऊन कोण जातं? आपणच. तेव्हा त्यातले आकडे थोडे तरी कळायला हवेत.

सगळ्यात साधी टेस्ट एबीआय. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, बस. दंडाला १४० आणि घोट्याला १२६, म्हणजे ०.९. तेवढं किंवा त्याहून कमी आलं, तर पायाला रक्त कमी पोचतंय. सुई नाही, खर्चही कमी. पण इथे एकटा आकडा बघू नका, ट्रेंड बघा. उपचारानंतर ०.९५ होता आणि सहा महिन्यांनी ०.७८ झाला, तर घसरण ०.१७ ची. ०.१५ हून जास्त घसरला की पुढची तपासणी लागते, पाय दुखत नसला तरी. म्हणून उपचारानंतरचा पहिला रिपोर्ट जपून ठेवा. आमच्या कामात त्याला बेसलाइन म्हणतात.

आता गंमत. जुना डायबेटिस किंवा किडनीचा आजार असेल तर धमनीत कॅल्शियम साचतं, ती कडक होते. पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही आणि आकडा उगाच मोठा येतो. माझ्या एका काकांचा एबीआय १.४५ आला. फॅमिली ग्रुपवर लगेच अंगठे, लाडू! 'एकच्या वर म्हणजे फर्स्ट क्लास.' डॉक्टरांनी मात्र पायाच्या अंगठ्याचं प्रेशर मोजायला लावलं, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. तिथे ०.७ च्या खाली म्हणजे गडबड. काकांचा आला ०.४. ग्रुप एकदम शांत.

बरं, रक्त कमी पोचतंय हे कळलं, पण अडलंय कुठे? ते एबीआय सांगत नाही. त्यासाठी डॉप्लर सोनोग्राफी. पाण्याचा पाइप चिमटला की धार जोरात येते ना, तसंच. एखाद्या जागी रक्ताचा वेग आधीच्या भागाच्या दुप्पट झाला, तर तिथे साधारण निम्म्याहून जास्त अरुंद झालंय. पायाची शीर वापरून बायपास केली असेल तर मला ही टेस्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या शिरेत पहिल्या एक-दोन वर्षांत गुपचूप अरुंदपणा येऊ शकतो, आणि पूर्ण बंद पडण्याआधी तो दुरुस्त करणं कितीतरी सोपं.

मग सरळ सीटी अँजिओच का नको? चित्र झकास येतं, मान्य. पण रेडिएशन आहे, डाय आहे, किडनी कमजोर असेल तर जपावं लागतं. शिवाय कॅल्शियम इतकं चमकतं की आतली वाट झाकली जाते. दर खेपेला करायची टेस्ट नाही ती.

आणि हो, पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, असह्य दुखला किंवा बधिर झाला, तर फॉलो-अपच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.